पान अकरावरचा तिऱ्हाईत

आठ महिन्यांपूर्वी मला एक पत्र आले होते. त्याला मी उत्तर दिले नाही. वाक्य वाचायला सोपे आहे, पण त्यातल्या 'दिले नाही'साठी मी बरीच मेहनत घेतली आहे. चौदा मसुदे लिहिले आणि चौदाही फाडले. एकदा तर पाकिटावर तिकीटसुद्धा लावले. मग ते तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्याच पाकिटातून वीज कंपनीला बिलाची तक्रार पाठवली.

पत्र एका अनोळखी बाईंचे होते. वहीचा रेघांचा कागद, एकाच बाजूला लिहिलेला, आणि अक्षर टीप मारल्यासारखे सरळ. ते मला आता पाठ झाले आहे.

"महोदय, वाहन विम्याच्या सरकारी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'भाषा' या शब्दापुढे आपले नाव आहे. पत्ता छापखान्यातून मिळाला. मी शिवणकाम करते. तेवीस वर्षे भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. मी कापडाचा गठ्ठा घेऊन फाटकापाशी उभी असताना भावाने गाडी मागे घेतली आणि चाक माझ्या उजव्या पायावरून गेले. घोट्याची हाडे वाकडी जुळली आहेत. पुन्हा शस्त्रक्रिया केली तर मशीन चालवता येईल, असे डॉक्टर म्हणतात. मशीन पायाचे आहे. विमा कंपनी खर्च देत नाही. कंपनी म्हणते, पान अकरावर लिहिले आहे की भरपाई तिऱ्हाईताला मिळते, आणि मी तर गाडीमालकाची सख्खी बहीण. या घरात माझा कप वेगळा आहे. दिवाणखान्यातल्या फोटोत सगळे आहेत, मी नाही. फोटो मीच काढला होता. तेवीस वर्षांत मला कोणी घरची म्हटले नव्हते, ते पहिल्यांदा विमा कंपनीने म्हटले. शब्द आपण लिहिला आहे, तर आपणच सांगावे. मी तिऱ्हाईत आहे की नाही?"

खाली सही. 'आपली विश्वासू' वगैरे काही नाही.

या पत्राला एका ओळीत उत्तर देता आले असते. मी का दिले नाही, ते कळायला पुस्तिकेची हकीकत सांगावी लागेल. ती सांगताना माझी फारशी शोभा होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी सरकारी भाषा विभागात एकतीस वर्षे होतो. कायदे, नियम आणि सूचना यांचे मराठी लोकांना कळेल असे करणे हे माझे काम. ते लोकांना कळत नसे ती गोष्ट वेगळी. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना वाहनमालकांसाठी बत्तीस पानी पुस्तिका काढायचे ठरले. समिती तिघांची: आमचे साहेब, एक कायदा अधिकारी आणि मी. साहेबांना घाई होती, कायदा अधिकाऱ्यांना सर्दी होती आणि मला, नेहमीप्रमाणे, शंका होत्या.

कायदा मुळात सरळ आहे. तुमची गाडी तुम्ही वाटेल तशी ठेवा, खांबावर आपटा, तळ्यात घाला. कायद्याला तिचे काही पडलेले नाही. त्याला काळजी आहे ती तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे काही होईल त्याची. म्हणून निदान तेवढा एक विमा प्रत्येक गाडीला असलाच पाहिजे. तो नसेल तर गाडी चालवणे सोडाच, रस्त्याच्या कडेला उभी करणेही गुन्हा. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि ज्याला लागले तो तिसरा. कायद्याच्या जुन्या मराठीत त्याला 'तृतीय पक्ष' म्हटले होते.

"तृतीय पक्ष?" साहेब म्हणाले. "निवडणूक आहे का? तिसरा पक्ष म्हटलं की लोकांना वाटेल आपण आघाडी करतोय."

त्या क्षणी मला काय झाले कोण जाणे. एकोणतीस वर्षांत मी बैठकीत स्वतःहून तोंड उघडले नव्हते. मी म्हणालो, "साहेब, तिऱ्हाईत."

कायदा अधिकाऱ्यांनी रुमालातून नाक बाहेर काढले. "माझी आजी म्हणायची हा शब्द," ते म्हणाले. "तिऱ्हाईत. तिसरा. अगदी बसतोय की हो!"

"पास," साहेब म्हणाले.

मी त्या दिवशी घरी चालत गेलो, तीन थांबे, आणि दमलो नाही. माणसाला मूल झाल्यावर काय वाटत असेल ते मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एका शब्दामुळे कळले.

मग पान अकरा जुळले, आणि तीन ओळी खाली उरल्या. त्या बारावर ढकलाव्यात, तर तिथे पट्टा लावून हसणाऱ्या बाईंचे चित्र होते. साहेब म्हणाले, "बाईंना हलवता येणार नाही. तीन ओळी काढा कुठल्याही."

कुठल्याही. भोंगा कसा आणि कुठे वाजवावा यावर त्याच पानावर नऊ ओळी होत्या. आमच्याकडे भोंगा कोणी वाचून वाजवत नाही. त्या नऊतल्या तीन काढता आल्या असत्या. मी काढल्या त्या तिऱ्हाईत म्हणजे कोण हे सांगणाऱ्या. माझा शब्द स्वतःच्या पायावर उभा राहील, त्याला कुबडी नको, असे मला वाटले. पुस्तिका छापली गेली, विभागाने मला प्रमाणपत्र दिले, आणि शेवटच्या पानावर 'भाषा' या शब्दापुढे माझे नाव आले. ते मीच लाजत लाजत सुचवले होते.

आता कळले असेल. बाईंना 'होय, तुम्ही तिऱ्हाईत आहात' एवढे लिहायचे, तर पुढचा प्रश्न येणारच: मग पुस्तिकेत तसे का नाही? त्या प्रश्नापाशी माझे पेन चौदा वेळा बंद पडले.

सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "गाडीचा विमा आज संपतोय. उद्यापासून गाडी नुसती दारात उभी राहिली तरी गुन्हा आहे. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय."

गाडी माझ्या नावावर आहे, चालवते ती. मी शेजारी बसतो आणि मनातल्या मनात ब्रेक दाबतो.

"फोनवर करता येतो म्हणे," मी म्हणालो.

"येत होता. आता कसलासा नवा फॉर्म आहे, मालकाने स्वतः यायचं. चला उठा, माणसांत जाऊन या जरा. चावत नाहीत."

विमा कंपनीच्या कचेरीत खुर्च्या एकमेकींना सळईने जोडलेल्या होत्या. एक माणूस उठला की सगळी रांग हलायची. तीन नंबरच्या खिडकीत एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्या प्रत्येकाला एक पिवळा कागद देत होत्या: 'नमुना सात: तिऱ्हाईत नसलेल्या व्यक्तींची यादी.' मालकाने आपले सगळे नातेवाईक त्यात लिहून द्यायचे. यादीत नाव असलेला माणूस मालकाच्या गाडीखाली आला तर तो घरचा, सबब भरपाई नाही.

मी तो मथळा दोनदा वाचला. माझ्या शब्दाला नकार जोडून त्याचा सातवा नमुना झाला होता.

माझ्यापुढे रांगेत एक गॅरेजवाला होता. तो पेनाचे टोपण चावत म्हणाला, "बाई, सासू लिहायची का?"

"एकत्र राहते?"

"राहत नाही. पण असते."

"लिहा."

"साडू?"

"तोही लिहा."

"अहो, पाच वर्षांत त्याला तोंड दाखवलं नाही मी."

"तोंड नाही हो दादा, चाक दाखवायचा प्रश्न आहे. लिहा."

त्याच्या बाजूला एक जाडगेले गृहस्थ होते, घामाने डबडबलेले. त्यांनी कागदावर हात आपटला. "भाऊ मी लिहिणार नाही! कोर्टात लिहून दिलंय मी, तो माझा कुणी नाही म्हणून."

"नका लिहू. मग ते तिऱ्हाईत. उद्या तुमच्या गाडीचा धक्का लागला तर त्यांना पूर्ण भरपाई."

गृहस्थ थांबले. "पूर्ण?"

"पूर्ण."

"द्या तो कागद इकडे. सख्खा आहे तो माझा! एका आईचे आहोत आम्ही!" आणि त्यांनी भावाचे नाव सगळ्यांत वर, ठळक अक्षरात लिहिले. खाली दोन रेघाही ओढल्या.

मागून एक तरुण पुढे वाकला. त्याच्याबरोबर एक मुलगी होती. "मॅडम, आमचं ठरलंय, अजून झालं नाही. हिचं नाव?"

"लग्नाच्या दिवसापर्यंत तिऱ्हाईत."

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर काही मिळत नाही."

मुलगी तरुणाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना? सावकाश चालवायची. नाहीतर तारीख पुढे ढकलू."

रांग हसली. मीही हसलो. मग लक्षात आले की मी ज्याला हसतोय ते मीच केलेले आहे, आणि मी पिवळा कागद तोंडापुढे धरला.

माझी पाळी आली. मी बायकोचे नाव लिहून कागद पुढे केला.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "बहीण, भाऊ, मेहुणे, पुतणे?"

"बाई," मी म्हणालो, "या नमुन्याला आधार काय?"

एवढे बोलायला मी रांगेत उभा राहिल्यापासून तयारी करत होतो.

त्यांनी न बघता काचेवर बोट टेकवले. काचेला आतून माझे पान अकरा चिकटवलेले होते, प्लॅस्टिकमध्ये घातलेले. 'तिऱ्हाईत' या शब्दावर पिवळा रंग फासला होता. "सरकारी पुस्तिका," त्या म्हणाल्या. "तिऱ्हाईताला भरपाई. तिऱ्हाईत म्हणजे परका. मराठी येतं ना काका?"

"थोडंफार."

"मग झालं तर. ज्यानं हा शब्द लिहिला ना, त्याचे फार उपकार आहेत आमच्यावर. आमचे व्यवस्थापक म्हणतात, दहा वकिलांनी केलं नसतं ते एका शब्दानं केलं."

"मी," मी म्हणालो.

"काय मी?"

"मी लिहिला."

त्यांनी मला वरून खाली पाहिले. माझ्या स्वेटरला एक बटण कमी आहे, ते त्यांनी मोजलेच असणार. मग त्यांनी पुस्तिका काढून शेवटचे पान उलटले, माझ्या अर्जावरचे नाव पाहिले आणि टेबलावरची घंटा दाबली.

व्यवस्थापक खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. सरकारी नोकरीत माझ्यासाठी कोणी पाण्याचा पेला सरकवला नव्हता. इथे माणूस उठून उभा राहिला.

"सर! शब्दाचे जनक! बसा, बसा. काय शब्द दिलात हो. साधा, घरगुती, आणि धार कशी!" त्यांनी खिडकीतल्या बाईंना हाक मारली. "चहा सांगा. चांगल्या कपात." मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला. "देवासारखे आलात. गुरुवारी तक्रार अधिकाऱ्यांपुढे एक सुनावणी आहे. पायाचा मामला."

"पायाचा?"

"एक शिवणकामवाली बाई. भावाच्याच गाडीखाली पाय घातला आणि आता शस्त्रक्रिया मागतेय. सख्खी बहीण! आपण काय म्हणायचं? तक्रार अधिकारी म्हणतात, पुस्तिकेत तिऱ्हाईत या शब्दाचा अभिप्रेत अर्थ काय होता, ते कुणी तरी स्पष्ट करा. आणि आज तुम्हीच दारात."

त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता. फक्त जनक मिळायचा होता. 'तिऱ्हाईत या शब्दाचा अर्थ परका, नात्यातला नसलेला असा आहे, असे मी पुस्तिकेचा भाषा-लेखक या नात्याने प्रमाणित करतो.'

"एक सही. खोटं काही लिहायचं नाही, सर. शब्दकोशात बघा," आणि त्यांनी कोश पुढे ठेवला. माझ्याकडे आहे तोच. खूण घातलेली होती. मी पाहिले. तिसरा मनुष्य, संबंध नसलेला, परका. तिन्ही अर्थ माझ्याकडे बघत होते. माझा आवडता अर्थ सगळ्यांत आधी होता, त्यांचा सगळ्यांत शेवटी, आणि दोन्ही खरे होते.

"कायद्यात," मी म्हणालो, "'कोणतीही व्यक्ती' असं आहे. मालक आणि कंपनी सोडून कोणतीही."

"कायदा कोण वाचतो, सर? केवढा जाड आहे तो."

"पण त्यात बहीणसुद्धा येते."

"मग पुस्तिकेत तसं का नाही लिहिलंत?"

आठ महिने ज्या प्रश्नाला मी चुकवत होतो तो इथे टेबलापलीकडे टाय लावून बसला होता. मी म्हणालो, "जागा नव्हती."

व्यवस्थापक इतके हसले की त्यांची खुर्ची फिरली. "जागा नव्हती! वा! आमच्याकडेही नाहीये, सर. बहीण, भाऊ, काकू, मामा, किती जणांना जागा द्यायची? शेवटी कंपनी आहे, धर्मशाळा नव्हे. ती बाई शिवते, तिला काय? हाताने शिवेल. माझी आई हाताने शिवायची." त्यांनी पेनाचे टोपण काढून पेन माझ्या हातात दिले. "इथे."

मला 'नाही' म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. दारात आलेल्या विक्रेत्याकडून मी आतापर्यंत चार चाळण्या घेतल्या आहेत. पेन कागदाला टेकले. मग मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या नाकावर होता.

व्यवस्थापकांनी तो पाहिला. मीही, जमेल तेवढा, पाहिला. मोठ्या मनाच्या माणसासारखे ते म्हणाले, "हरकत नाही. घरी नेऊन सही करा. उद्या संध्याकाळपर्यंत आणून द्या. तुमचा हप्ता आपण बघून घेऊ, सूट असते आपल्या माणसांना."

मी सूट न घेता पूर्ण हप्ता भरला. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. सूट कशी मागतात ते मला ठाऊक नव्हते.

घरी बायकोने विम्याचे कागद पाहिले आणि पिवळ्या कागदापाशी थांबली.

"हे काय? यात माझं नाव कशाला?"

"घरच्यांची यादी आहे. नाव असलं की भरपाई मिळत नाही."

"म्हणजे मी आपल्या गाडीखाली आले तर मला काही नाही?"

"तूच चालवतेस. तू खाली कशी येशील?"

"चाळीस वर्षं तुमच्याबरोबर संसार केलाय. कशीही येईन." तिने कागद घडी घालून टेबलावर टाकला. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मी खिशातला दुसरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. मग मी सगळे सांगितले. खिडकी, व्यवस्थापक, गुरुवारची सुनावणी. चष्म्याचे वगळायचे होते, पण तेही सांगून टाकले.

"त्याच बाई ना या? पत्रवाल्या?"

"तुला माहीत आहे?"

"कोशात ठेवलंय तुम्ही ते, 'त'च्या पानात. धूळ मी पुसते, तुम्ही नाही. पान फुगलंय तिथे." ती समोर बसली. "आता मला एका शब्दात सांगा. त्या बाई तिऱ्हाईत आहेत की नाहीत?"

"आहेत."

"नक्की?"

"नक्की. कायद्यानेही आहेत आणि मी लिहिलं तेव्हा माझ्या मनातही होत्या."

"मग आठ महिने काय लिहीत होतात?"

मी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला.

"सांगा ना."

"चूक माझी होती असं लिहावं लागेल. साहेबांनी कुठल्याही तीन ओळी काढा म्हटलं होतं. त्या मी निवडल्या."

"मग लिहा तसं. तुमची काय एकच चूक आहे का, की इतकी जपून ठेवलीय?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? ती पुस्तिका जगात तिघांनी वाचलीय. तुम्ही, ती कंपनी आणि त्या बाई."

ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला, "आणि सही करून आलात त्या कागदावर तर आजपासून या घरात तुमचा कप वेगळा."

मी माळ्यावरची पेटी काढली. मी काही टाकत नाही. निवृत्तीच्या वेळी छपाईआधी तपासलेल्या सगळ्या मुद्रितप्रती घरी आणल्या होत्या, घोटाळा झाला तर दाखवायला. तो झाला तेव्हा मी त्या लपवल्या. पान अकराची प्रत सापडली. तीन ओळी लाल पेन्सिलीने कापलेल्या, तरी अक्षर न् अक्षर वाचता येत होते: 'तिऱ्हाईत म्हणजे विमा घेणारा मालक आणि विमा कंपनी हे दोन पक्ष सोडून कोणतीही व्यक्ती, मग ती ओळखीची वा नात्याची असली तरीही.' खाली साहेबांची आद्याक्षरे, तारीख, विभागाचा शिक्का. बाईंना यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार होता?

पण समासात, त्याच लाल पेन्सिलीने, माझ्या अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी विसरलो होतो, किंवा विसरल्याचे ठरवले होते. 'शब्द स्वयंस्पष्ट आहे. स्पष्टीकरणाची गरज नाही. गाळावे.'

'जागेअभावी' असेही लिहिता आले असते. साहेबांनी तेच सांगितले होते. मी 'स्वयंस्पष्ट' लिहिले, कारण तेव्हा मला कोणी विचारत नव्हते आणि मला कोणाला तरी ऐकवायचे होते.

मी बराच वेळ खोडरबर हातात धरून बसलो. समासातली ओळ पुसली तर उरलेले पान बाईंना पुरेसे होते. लाल पेन्सिल पुसली जाते, थोडा डाग राहतो. मग मला वाटले, पुसलेल्या जागेवर तक्रार अधिकारी बोट ठेवून विचारतील, इथे काय होते? आणि मी पुन्हा म्हणेन, चष्मा घरी राहिला. खोडरबर मी पेटीत टाकला.

पंधरावा मसुदा अर्ध्या पानाचा झाला.

"स. न. आपल्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, त्याची कारणे सांगण्याजोगी नाहीत. आपल्या प्रश्नाचे उत्तर: होय. आपण तिऱ्हाईत आहात. गाडी आपल्या भावाची आहे, विमा त्याने घेतला आहे, विमा कंपनीने दिला आहे; या दोघांखेरीज जी कोणी व्यक्ती असेल ती तिसरी. बहीण असल्याने ती चौथी होत नाही. पुस्तिकेत हे लिहिले होते. ते मी काढले. सोबत मूळ मुद्रितप्रत पाठवत आहे. समासातली ओळ माझ्या हातची आहे, ती गर्वाने लिहिली होती आणि चुकीची आहे. गुरुवारी हे पान तक्रार अधिकाऱ्यांना दाखवावे. त्यांना मीही नक्कल पाठवत आहे आणि बोलावले तर येईन. मला बोलता फारसे येत नाही, पण 'हे अक्षर माझे आहे' एवढे सांगता येईल."

सही केली. मग सहीखाली निवृत्तीपूर्वीचे पद लिहिले, कारण नुसत्या माझ्या नावाला कोण विचारणार?

व्यवस्थापकांचा कागद उरला. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. 'प्रमाणित'मधला 'णि' दीर्घ होता, 'पुस्तिकेचा'मधला 'स्ति'ही, आणि 'तिऱ्हाईत' चक्क 'तिर्हाइत' असा टाइप केला होता. मी तिन्ही लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद त्यांच्या पत्त्याच्या पाकिटात घातला. एवढा सूड मला झेपण्यासारखा होता.

मंगळवारी सकाळी मी पोस्टात गेलो. वाटेत नक्कल काढणाऱ्या दुकानदाराने पान उलटेसुलटे करून विचारले, "काका, ही लाल खरडलेली ओळ पण यायला हवी का? नाही तर झाकतो."

"येऊ द्या," मी म्हणालो. "स्वच्छ येऊ द्या."

पोस्टातल्या मुलीने तिन्ही पाकिटे वजनकाट्यावर ठेवली. बाईंचे सगळ्यांत जड होते. "जलद टपाल ना? आज टाकलं तर उद्या दुपारपर्यंत मिळेल."

"गुरुवारी सकाळी सुनावणी आहे त्यांची. उद्या नक्की मिळेल ना?"

"गाव लांब नाहीये काका. मिळेल."

तिने तिकिटांची पट्टी चिकटवली, पाकीट शाईच्या ठोकळ्याजवळ ओढले आणि धाडकन शिक्का मारला. चुकून काही राहिले का? 'स. न.' नको होते का? 'गर्वाने' हा शब्द फार मोठा झाला का?

"एक मिनिट," मी म्हणालो. "वाटलं तर परत घेता येतं का?"

"आता नाही. शिक्का बसला." तिने पाकीट मागच्या कापडी पिशवीत टाकले आणि पावती माझ्याकडे सरकवली.

"बरं झालं," मी म्हणालो, पण ते तिला ऐकू गेले नसावे. ती पुढच्या माणसाचे पार्सल काट्यावर ठेवत होती.